चालत्या सत्रांतील दुरुस्ती

हिंगोली जिल्ह्याचें नांव निघालें म्हणजे औंढ्याचें नागनाथाचें देवालय आणि नामदेवांची नरसी हीं दोन स्थळें मराठी मनुष्यास प्रथम आठवतात. गेल्या कांहीं वर्षांत या जोडीस तिसरें एक नांव येऊन मिळालें आहे. तें म्हणजे औंढा नागनाथ तालुक्यांतील दुधाळा. गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा तेथें उभारावयाची आहे. १७ फेब्रुवारी २०१६ रोजीं केंद्र सरकारनें या योजनेस तत्त्वतः मान्यता दिली, ३१ मार्च २०१६ रोजीं अमेरिकेशीं करार झाला, आणि ६ एप्रिल २०२३ रोजीं सुमारें २,६०० कोटि रुपयांच्या खर्चास मंजुरी मिळाली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा काटकोनांत मांडावयाच्या, त्यांतून लेसरचा प्रकाश खेळवावयाचा, आणि दूर आकाशांत दोन कृष्णविवरें एकमेकांवर आदळल्यामुळें भुजांच्या लांबींत प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही लहान असा जो फरक पडेल तो टिपून घ्यावयाचा, असें या वेधशाळेचें काम आहे.

ज्या आराखड्यावर ती उभारावयाची, त्याच आराखड्याच्या दोन वेधशाळा अमेरिकेंत चालूं आहेत. एक हॅनफर्ड येथें व दुसरी लिव्हिंग्स्टन येथें. त्यांच्या कामकाजांत एक गोष्ट अशी आहे, कीं तिचा इतिहास संगणकविद्येच्या जवळजवळ सर्व आयुष्याइतका जुना आहे. या वेधशाळांतील आरसे इतके नाजूकपणें तोललेले असतात, कीं भुजांतील प्रकाश एकदां स्थिर झाला म्हणजे ती अवस्था मोडूं न देण्याची पराकाष्ठा करावी लागते. दूरच्या भूकंपानेंही ती मोडते, आणि पुन्हा साधावयास पुष्कळ वेळ खर्ची पडतो. तेवढ्या अवधींत आकाशांतून एकादी लहर येऊन गेली तर ती या वेधशाळेपुरती कायमची हुकली. अशा यंत्रावर देखरेख करण्याकरितां ‘गार्डियन’ नांवाची आज्ञावली योजिली आहे. ती पायथॉन भाषेंत लिहिलेली आहे. यंत्राच्या एकेका भागास एकेक स्वतंत्र पहारेकरी नेमिलेला असतो, आणि त्या भागानें कोणकोणत्या अवस्थांतून कोणत्या क्रमानें जावयाचें, हें एका लहानशा प्रकरणांत लिहून ठेविलेलें असतें. अशा प्रकरणास संगणकाच्या व्यवहारांत मॉड्यूल म्हणतात. त्यांत दुरुस्ती करावयाची झाली, तर वेधशाळा बंद करीत नाहींत. चालक फाईल सुधारतो आणि ‘लोड’ अशी आज्ञा देतो. त्या एका पहारेकऱ्यापुरतें नवें लिखाण पुन्हा वाचिलें जातें, आणि बाकीचें यंत्र आपल्या गतीनें चालत राहतें.

चालत्या गाडीचें चाक बदलण्यासारखें हें काम केवळ एका आज्ञेनें व्हावें, याचें प्रथमदर्शनीं नवल वाटतें. परंतु खरा प्रश्न पुढेंच आहे. नवें लिखाण वाचिलें खरें. पण जें जुनें पूर्वीं वाचिलें गेलें होतें, तें कोठें जातें? या प्रश्नाचें उत्तर निरनिराळ्या पिढ्यांनीं निरनिराळें दिलें आहे, आणि तीं उत्तरें पाहिल्यावांचून ‘लोड’ या चार-दोन अक्षरांच्या आज्ञेचा भरंवसा कितपत धरावा हें कळत नाहीं.

संगणकाच्या आरंभीच्या काळांत हा प्रश्न उद्भवतच नसे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तयार झालेला संगणक १९६० सालीं कामास लागला, आणि १९६२ सालीं त्यास ‘टिफ्रॅक’ हें नांव मिळालें. १९६४ सालीं त्याच संस्थेंत ‘सीडीसी ३६००’ हा परदेशीं बनावटीचा मोठा संगणक आला, आणि संस्थेबाहेरच्या संशोधकांचें गणितही तेथें होऊं लागलें. त्या काळीं आज्ञावली भोंकें पाडलेल्या पत्त्यांवर उतरावयाची, पत्त्यांचा गठ्ठा खिडकीशीं द्यावयाचा, आणि पाळी येऊन छापील उत्तर हातीं पडेपर्यंत वाट पाहावयाची, अशी वहिवाट होती. एका पत्त्यावर एक चिन्ह चुकलें तर तो पत्ता बदलून सगळा गठ्ठा पुन्हा रांगेंत लावावा लागे. प्रत्येक वेळीं यंत्र कोऱ्या स्मृतीनें आरंभ करी; म्हणून दुरुस्तीस विलंब लागे, पण जुनें आणि नवें यांची सरमिसळ होण्यास जागाच नव्हती.

मनुष्यानें यंत्राशीं समोरासमोर संवाद करावा ही कल्पना याच सुमारास अमेरिकेंत मूळ धरीत होती. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठांत जॉन मॅकार्थी यांनीं १९५८ सालीं लिस्प भाषेचें काम हातीं घेतलें व १९६० सालीं तिजवरील निबंध प्रसिद्ध केला. त्याच विद्यापीठांत १९६१ च्या नोव्हेंबरांत फर्नांडो कॉर्बातो यांनीं एका संगणकाचा वेळ अनेकांस वांटून देण्याची पद्धत चालवून दाखविली. या दोन गोष्टींचा संयोग होऊन संवादसत्राचा जन्म झाला. मनुष्यानें एक वाक्य लिहावें, यंत्रानें तें वाचावें, त्याचा अर्थ लावून उत्तर द्यावें, आणि पुढील वाक्याची वाट पाहावी, असें हें चक्र आहे. सत्र चालूं असेपर्यंत यंत्रास पूर्वीचें सर्व आठवतें. लिस्पमध्यें प्रत्येक कृतीचें एक नांव असतें, आणि ती कृति त्या नांवापाशीं जोडून ठेविलेली असते. त्याच नांवास नवी कृति जोडली, कीं त्या नांवानें हांक मारणाऱ्या सर्वांस पुढच्या खेपेपासून नवी कृति मिळते. चालत्या सत्रांत दुरुस्ती करण्याची विद्या येथूनच सुरू झाली.

या विद्येची परीक्षा पुढें अवकाशांत झाली. १९९८ च्या ऑक्टोबरांत सोडलेल्या ‘डीप स्पेस १’ या अमेरिकन यानावर, यानानें आपला कार्यक्रम आपणच आंखावा, अशा प्रयोगाची एक आज्ञावली होती. ती लिस्पमध्यें लिहिलेली होती. १९९९ च्या मे महिन्यांत प्रयोग चालूं असतां तींत एक अडथळा आला. यान कोट्यवधि मैल दूर होतें. यानावर लिस्पचें संवादसत्र जिवंत असल्यामुळें तेथील आज्ञावलीची चौकशी पृथ्वीवरून करतां आली, आणि दोष कोठें आहे हें उमगलें. योगायोग असा, कीं त्याच महिन्याच्या १ तारखेस परभणी जिल्ह्यांतून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला होता.

दुसरें उत्तर स्वीडनमधून आलें. टेलिफोनचीं केंद्रें दुरुस्तीकरितां बंद ठेवणें परवडत नाहीं. तेथें क्षणाक्षणास हजारों संभाषणें चाललेलीं असतात. एरिक्सन कंपनींत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग व माइक विल्यम्स यांनीं १९८६ पासून सिद्ध केलेल्या एर्लंग भाषेनें यासाठीं एक स्पष्ट नियम घालून दिला. एका मॉड्यूलाच्या एका वेळीं दोनच आवृत्त्या यंत्रांत नांदतील. एक चालू, व दुसरी जुनी. जें काम जुन्या आवृत्तींत अर्ध्यावर आहे, त्यास तींतच पुढें चालण्याची मोकळीक असते. मात्र त्या कामानें मॉड्यूलाचें पूर्ण नांव घेऊन नव्यानें हांक मारली, कीं त्यास नवी आवृत्ति मिळते. तिसरी आवृत्ति आणावयाची झाली तर सर्वांत जुनी आधीं काढून टाकावी लागते, आणि तींत अद्याप कोणी रेंगाळत असेल तर त्याचें काम थांबविण्यांत येतें. जुन्यास निरोप केव्हां द्यावयाचा, याचा निर्णय येथें भाषेनेंच करून ठेविला आहे.

तिसरें उत्तर पायथॉनचें, आणि आजच्या शास्त्रीय व्यवहारांत तेंच अधिक आढळतें. ॲम्स्टरडॅम येथील गणितसंस्थेंत गिडो व्हान रॉसम यांनीं १९८९ च्या नाताळच्या सुटींत ही भाषा लिहावयास घेतली व १९९१ च्या फेब्रुवारींत ती लोकांच्या हातीं दिली. मॉड्यूल पुन्हा वाचण्याची ‘रीलोड’ ही आज्ञा तींत पुष्कळ वर्षें अंगभूतच होती. २००८ सालीं आलेल्या तिसऱ्या आवृत्तींत तिला भाषेच्या अंगणांतून उठवून एका वेगळ्या कोठडींत ठेविलें, आणि २०१४ सालापासून ती ‘इम्पोर्टलिब’ या मॉड्यूलांत राहत आहे. म्हणजे, ही आज्ञा रोज बेधडक वापरण्याची नसून मुद्दाम जाऊन मागण्याची आहे, अशी व्यवस्था झाली. असें कां व्हावें, हें समजण्यास एक उदाहरण घेणें बरें.

१४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील दोन्ही वेधशाळांनीं पहिली गुरुत्वीय लहर टिपली, आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजीं ती वार्ता जगास कळविण्यांत आली. त्या लहरीच्या मूळ नोंदी, व त्यांचें गणित करून दाखविणारी पायथॉनची वही, या दोन्ही सर्वांसाठीं खुल्या ठेविल्या आहेत. अशा नोंदींतून लहरीचा ठसा शोधण्यासाठीं कोणती गाळणी लावावी, यावर पुण्याच्या आयुकांत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनीं १९९१ सालींच महत्त्वाचें काम केलें होतें. आतां हिंगोलीचा एकादा महाविद्यालयीन विद्यार्थी त्या नोंदी उतरवून घेऊन घरीं गणित करावयास बसला आहे, अशी कल्पना करावी. सेकंदास ४,०९६ मोजमापें अशी ती नोंद आहे. तींतील निरुपयोगी कंप गाळून टाकण्यासाठीं त्यानें ‘गाळणी’ नांवाचें एक मॉड्यूल लिहिलें. सेकंदास २० कंपनांखालचें सर्व गाळावें असें त्यांत लिहिलें होतें. आलेख पाहिल्यावर ही सीमा ३५ असावी असें त्यास वाटलें. त्यानें फाईलींत २० चे ३५ केले, फाईल जतन केली, आणि सत्रांत ‘गाळणी’ची पुन्हा आयात केली. आलेख जसाच्या तसा आला.

यांत यंत्राचा दोष नाहीं. एकदां आयात झालेल्या प्रत्येक मॉड्यूलाची नोंद पायथॉन एका पटावर ठेवितो. पुन्हा आयात करण्यास सांगितलें, तर तो प्रथम हा पट पाहतो, त्यावर नांव आढळलें कीं स्मृतींतील तेंच मॉड्यूल हातीं देतो, आणि फाईल उघडण्याचे श्रमही घेत नाहीं. फाईल खरोखर पुन्हा वाचावयाची तर ‘रीलोड’ असेंच सांगावें लागतें.

‘रीलोड’ म्हटल्यानें काय घडतें, हें शाळेंतील वेळापत्रकाच्या दृष्टान्तानें स्पष्ट होईल. शाळेच्या ओवरींत एका फळ्यावर वेळापत्रक लिहिलेलें आहे. कांहीं विद्यार्थी रोज सकाळीं फळा पाहून वर्गांत जातात. कांहींनीं पहिल्याच दिवशीं तें आपल्या वहींत उतरवून घेतलें आहे. मुख्याध्यापकांनीं फळ्यावर गणिताचा तास बदलला. फळा पाहणाऱ्यास बदल कळला; वहीवर विसंबणारा जुन्याच वेळीं येऊन बसला. पायथॉनमध्यें ‘गाळणी’ या मॉड्यूलाचें नांव घेऊन त्यांतील कृति प्रत्येक वेळीं मागणें, हें फळा पाहण्यासारखें आहे. आणि तींतील कृति आरंभींच काढून घेऊन तिला सत्रांत सुटें नांव देणें, हें वहींत उतरवून घेण्यासारखें आहे. पुनर्वाचनानें फळा बदलतो. वह्या बदलत नाहींत. वह्या कोणाकोणापाशीं आहेत याची यादी पायथॉन शोधीत बसत नाहीं.

दृष्टान्त आणखीही पुढें नेतां येतो. मुख्याध्यापक नवें वेळापत्रक लिहितांना फळा पुसून स्वच्छ करीत नाहींत. नव्या कागदावर ज्या विषयांचीं नांवें आहेत, तेवढ्याच ओळी ते पुसून पुन्हा लिहितात. नव्या कागदांतून चित्रकलेचा तास वगळलेला असला, तरी फळ्यावरची चित्रकलेची जुनी ओळ तशीच राहते, आणि कोणी तरी त्या तासास हजर होतो. पायथॉनच्या पुनर्वाचनांत मॉड्यूलाचा जुना कोश कायम ठेविला जातो; नव्या लिखाणांत आलेलीं नांवें जुन्यांवर लिहिलीं जातात, आणि न आलेलीं जुनीं नांवें जागच्या जागीं राहतात. म्हणून विद्यार्थ्यानें फाईलींतून काढून टाकलेली कृति सत्रांत बिनतक्रार चालते, आणि दुसऱ्या दिवशीं नवीन सत्र सुरू केल्यावर ती सांपडेनाशी होते. फळ्यावर लिहितां लिहितां मध्येंच कांहीं अडचण आली, तर अर्धा फळा नवा व अर्धा जुना, अशीही स्थिति होऊं शकते. मात्र लिखाणांत व्याकरणाचीच चूक असेल, तर खडूस हात लावण्यापूर्वींच काम थांबतें, आणि जुना मजकूर अबाधित राहतो.

याहून सूक्ष्म भाग वस्तूंचा आहे. विद्यार्थ्यानें ‘नोंद’ नांवाचा एक वर्ग मॉड्यूलांत लिहिला आणि त्या वर्गाची एक वस्तु सत्रांत घडविली, असें समजावें. पुनर्वाचनानंतर ‘नोंद’ हा वर्ग नव्यानें निर्माण होतो. पण पूर्वीं घडविलेली वस्तु जुन्या वर्गाशींच बांधलेली राहते व जुन्याच रीतीनें वागते. ही वस्तु तुझी आहे काय, असें नव्या वर्गास विचारल्यास तो ‘नाहीं’ असें सांगतो, आणि दोघांचें नांव एकच असल्यामुळें पाहणारा चकित होतो. तसेंच ‘गाळणी’ हें मॉड्यूल दुसऱ्या एकाद्या मॉड्यूलावर अवलंबून असेल, तर ‘गाळणी’ पुन्हा वाचिल्यानें तें दुसरें आपोआप वाचिलें जात नाहीं. आधीं मूळचें वाचावें, मग त्यावर आधारलेलें, असा क्रम स्वतः राखावा लागतो. आणि या सर्वांपेक्षां साधी, परंतु वारंवार विसरली जाणारी गोष्ट ही, कीं २० च्या सीमेनें गाळून ठेविलेले आंकडे स्मृतींत तसेच पडून असतात. कृति बदलली म्हणून तिनें पूर्वीं काढलेलें उत्तर बदलत नाहीं.

ही यातायात कमी करण्याचे प्रयत्न झाले. कोलोरॅडो येथें पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी असतांना फर्नांडो पेरेझ यांनीं २००१ सालीं ‘आयपायथॉन’ हें अधिक सोयीचें संवादसत्र लिहिलें. त्यांतून पुढें ‘ज्युपिटर’ ही वही निघाली, आणि ती आज महाविद्यालयांतून सर्रास वापरण्यांत येते. आयपायथॉनमध्यें ‘ऑटोरीलोड’ नांवाची सोय आहे. ती प्रत्येक आज्ञेपूर्वीं मॉड्यूलांच्या फाईलींवरील वेळ तपासते, बदललेल्या फाईली पुन्हा वाचते, आणि एवढ्यावर न थांबतां सत्रांतील जुन्या कृतींच्या पोटांत नवें लिखाण भरून ठेवण्याचाही यत्न करते. म्हणजे शक्य तितक्या वह्या शोधून त्यांतील मजकूरही ती दुरुस्त करते. परंतु सगळ्या वह्या तिच्या हातीं लागतात असें नाहीं. सी भाषेंत लिहून जोडलेलीं मॉड्यूलें तिला पुन्हा वाचतां येत नाहींत. पायथॉनचें पुनर्वाचन पूर्णपणें विश्वसनीय करणें अवघड आहे, असा इशारा तिच्या माहितीपत्रकांतच दिलेला आहे.

आतां वेधशाळेकडे पुन्हा पाहिलें, म्हणजे गार्डियनच्या रचनेंतील दूरदृष्टि ध्यानांत येते. तेथें सर्व यंत्रासाठीं एकच विशाल सत्र नाहीं. प्रत्येक पहारेकरी हा वेगळा व्यवहार असल्यामुळें एकाच्या पुनर्वाचनाचा गोंधळ दुसऱ्याच्या स्मृतींत शिरत नाहीं. फाईल बदलली एवढ्यानेंच तेथें कांहीं घडत नाहीं; चालकानें स्पष्ट आज्ञा द्यावी लागते. अर्धवट लिहिलेली दुरुस्ती यंत्रानें आपण होऊन उचलावी, अशी मुभा ठेविलेली नाहीं. विद्यार्थ्याच्या वहींत जी सोय म्हणून मिरवते, ती चार किलोमीटरच्या यंत्रांत धोक्याची होते, हा विचार या व्यवस्थेच्या मुळाशीं दिसतो.

चुकीच्या आवृत्तीनें काढलेलें उत्तर दिसावयास बरोबर उत्तरासारखेंच असतें, ही या विषयांतील सर्वांत अडचणीची गोष्ट आहे. आज्ञावली अडखळून बंद पडली तर मनुष्य सावध होतो. जुन्या सीमेचा आलेख मात्र नव्या सीमेच्या नांवाखालीं सुबकपणें छापला जातो आणि कोणास शंकाही येत नाहीं. यासाठीं शोधक मंडळींनीं एक शिस्त पाळण्याचा प्रघात पाडला आहे. विचार चालूं असतांना, चांचपडतांना, सत्र जिवंत ठेवून पुनर्वाचनाचा यथेच्छ उपयोग करावा; तेथें वेळ वांचतो आणि कल्पना थंडावत नाहीं. परंतु जो आंकडा दुसऱ्यास द्यावयाचा, त्याच्यापूर्वीं सत्र बंद करावें, स्मृति कोरी करावी, आणि वही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत क्रमानें चालवावी. तेव्हांही उत्तर तेंच आलें, तरच तें फाईलींत लिहिलेल्या आज्ञावलीचें उत्तर म्हणतां येतें. एरवीं तें त्या दिवशींच्या सत्राच्या आठवणीचें उत्तर होय.

पत्त्यांच्या गठ्ठ्याच्या काळीं ही कोरी सुरुवात यंत्रच सक्तीनें करवून घेई. आतां ती मनुष्यानें आपल्या खुषीनें करावयाची आहे. दुधाळ्याची वेधशाळा कामास लागली, म्हणजे अमेरिकेंतील वेधशाळांपासून इतक्या दूर उभी असल्यामुळें, लहर आकाशाच्या कोणत्या भागांतून आली हें आजच्यापेक्षां बरेंच नेमकेपणानें सांगतां येईल. त्या निर्णयांत हिंगोलीच्या भूमीवर टिपलेले आंकडे असतील, आणि ते गाळणाऱ्या आज्ञावलींत पुष्कळ ठिकाणीं पायथॉनचीं मॉड्यूलें असतील. तीं वारंवार सुधारलीं जातील, हें ओघानेंच आलें. म्हणून २० चे ३५ करून नव्यानें सत्र उघडणाऱ्या त्या घरच्या विद्यार्थ्यास आज जी संवय लागेल, तीच उद्यां तेथील नियंत्रणकक्षांत कामीं येणार आहे.